टाइमटेबलमधली टिटवी

तुमच्या घरात एखादी गिटार धूळ खात पडलीय का? माझ्याकडे आहे. शिवाय एक योगा मॅट, जर्मनची दोन पुस्तकं आणि साल्साच्या चार क्लासची पावती. छंद सुरू करण्यात आपण सगळेच एक्सपर्ट. गाडी अडते ती तिसऱ्या आठवड्यात... 'वेळच नाही गं!'

त्यामुळे जुलैमध्ये काकांकडे चितेगावला गेले आणि चुलतबहिणीच्या भिंतीवरचा चार्टपेपर पाहिला, तेव्हा मी आधी हसलेच. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे ती. छत्रपती संभाजीनगरच्या एका कॉलेजात. लाल रंगात लेक्चर्स, निळ्यात प्रवास, काळ्यात टॅलीचा क्लास. आणि मंगळवार, गुरुवार, रविवारच्या सकाळी हिरव्या रंगात एकच शब्द : 'पक्षी'.

"ताई, हसू नकोस. हिशोब बघ," म्हणाली.

हिशोब खरंच सॉलिड होता. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एका सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट्स. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास. १५ आठवड्यांत बसवलं तर आठवड्याला २२ तास. प्रॅक्टिकल असेल तर जास्त. चितेगाव ते शहर वीसेक किलोमीटर, पण पैठण रोडवर बसची वाट बघणं धरून घर ते कॉलेज सव्वा तास. सहा दिवस जाऊन-येऊन १५ तास. टॅलीचे ६. झाले ४३. आठवड्याचे तास १६८, त्यातून झोपेचे ५६ वजा. उरले ६९.

"त्यातले तीन माझे. बाकीचे घरच्यांचे," म्हणाली.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. पहिल्या वर्षी तिने विषय निवडले ते मैत्रिणी बघून. परिणाम? सकाळी आठला एक लेक्चर, दुसरं थेट दुपारी दोनला. मधले तास कॅन्टीनमध्ये. कंटाळून बुट्ट्या मारल्या, हजेरी घसरली आणि घरी पत्र आलं. या वर्षी तिने आधी टाइमटेबल मागितलं, मग विषय ठरवले. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतलं घ्यायचं असतं. तिने पर्यावरणाचा विषय घेतला. आवडीचा, आणि अकराच्या स्लॉटचाही!

पण पक्षी कुठून आले? तर बसस्टॉपवरून. बस उशिरा यायची, समोरच्या तारेवर वेडा राघू बसलेला असायचा. एक दिवस तिने मोबाइलमध्ये 'मर्लिन' नावाचं फुकटचं अॅप घेतलं. आवाज ऐकवला की हे अॅप पक्ष्याचं नाव सुचवतं. महिनाभरात कोतवाल, खंड्या, भारद्वाज, साळुंकी अशी यादी तयार. आता ती 'ईबर्ड'वर रीतसर नोंद करते. कुठे, किती वाजता, किती मिनिटं, कोणते पक्षी, किती. कॉमर्सची पोरगी ना, एंट्री चुकत नाही.

काकांना मात्र हे अजिबात पटलं नव्हतं. चितेगावच्या एका मोठ्या कारखान्यात त्यांची वीस वर्षं गेली. कारखाना बंद पडला, तेव्हा ही सातवीत होती. त्यानंतर मिळेल ते काम केलं. म्हणून टॅलीचा सकाळी सातचा क्लास त्यांनीच ठरवला होता. लेकीच्या हातात लवकर काहीतरी पडावं, एवढंच.

"पक्षी मोजून कुणाला पगार मिळालाय?" त्यांनी माझ्यासमोर विचारलं.

ती भांडली नाही. चार्ट दाखवला. टॅली संध्याकाळच्या बॅचला, म्हणजे कॉलेजवरून परस्पर. सकाळ मोकळी. अट तिनेच घातली, "हजेरी किंवा मार्क घसरले, तर हिरवे चौकोन पुसते." काका काहीच बोलले नाहीत. मावळता विरोध म्हणतात तो हाच असावा!

डिसेंबरमध्ये पुन्हा गेले, तर चार्ट तसाच होता. हजेरी नीट होती आणि हिरवे चौकोनही शाबूत. रविवारी पहाटे आम्ही पैठणला निघालो. गाडी चालवायला कोण? काका!

गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचं उद्घाटन १९७६ सालचं. त्याच्या नाथसागर जलाशयाला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. उथळ पाणी आणि गाळाचे काठ असल्याने हिवाळ्यात इथे पाहुण्यांची चंगळ असते. चक्रवाक येतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, नशीब असेल तर रोहितही दिसतात. आम्हाला चक्रवाक दिसले. शेकाट्या तर इतके, की मोजताना ती दोनदा चुकली.

तेवढ्यात काठावरून एक आवाज आला. ती मोबाइल काढणार, तोच काका म्हणाले, "टिटवी आहे. नाइट शिफ्ट सुटली की गेटबाहेर रोज ऐकू यायची. दोन आहेत बघ." दोनच होत्या. थोडा वेळ आम्ही तिघंही गप्प होतो. मग काकांनी विचारलं, "लिहिलंस का?"

परतताना तिने मला सुनावलं, "ताई, तू उरलेल्या वेळात गिटार शिकतेस. उरलेला वेळ कधी उरतो का?"

आता माझ्या कॅलेंडरवर मंगळवारी रात्री साडेनऊला एक हिरवा चौकोन आहे. पाच आठवडे झाले. बोटं दुखतात, पण चौकोन शाबूत आहे!

तुम्हालाही सुरू करायचंय?

• आधी आठवड्याचे तास मांडा. ऑफिस, प्रवास, झोप वजा करा. आकडा बघून आश्चर्य वाटेल.

• लगेच महागडी दुर्बीण नको. महिनाभर डोळे आणि अॅप पुरे. नंतर घ्यायचीच, तर ८x४२ नवशिक्यांना सोयीची : आठपट मोठं दिसतं, भिंग ४२ मिलिमीटरचं.

• एकच जागा ठरवा. गच्ची, बसस्टॉप, ऑफिसमागचं झाड, काहीही चालेल. तीच जागा पुन्हा पुन्हा बघितली की बदल कळतात.

• सोबत हवी? ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिनांमधला हा आठवडा. फेब्रुवारीत चार दिवसांची पक्षीगणना होते. १५ मिनिटांची नोंदही चालते.

• घरचे कुरकुरले, तर त्यांना सोबत न्या. त्यांना काय काय ओळखू येतं, सांगता येत नाही.