दोन पोस्टकार्डांवर उभे चाक

ट्यूबलेस टायर रिमवर टिकून राहतो तो मुख्यतः हवेच्या जोरावर. टायरच्या दोन्ही आतल्या कडांमध्ये पोलादी तारांचे कडे पुरलेले असते. या कडेला मोटारवाले ‘बीड’ म्हणतात. आपल्या मराठवाड्यातल्या जिल्ह्याशी तिचा काही संबंध नाही. आतली हवा ही बीड बाहेर रेटते आणि रिमच्या काठावर दाबून धरते. आतून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरसारखाच हा प्रकार: वाफ कोंडली की झाकण घट्ट, वाफ गेली की मोकळे.

गोम अशी की खडकाळ रानवाटांवर गाडी घालणारे लोक हीच हवा मुद्दाम सोडतात. का सोडतात, ते साध्या हिशेबाने कळते. अडीच टनांचा पिकअप ट्रक घेतला तर एका चाकावर सुमारे ६२५ किलो भार येतो. टायरमध्ये ३५ पीएसआय हवा असली, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ अडीच किलो दाब असला, तर जमिनीला टेकणारा भाग भरतो सुमारे २५० चौरस सेंटिमीटर. टपालखात्याची दोन पोस्टकार्डे शेजारी शेजारी ठेवा, तेवढाच! हवा १० वर आणली की हिशेबाने तीच जागा सात पोस्टकार्डांएवढी होते. टायरच्या बाजूही थोडा भार पेलतात, त्यामुळे प्रत्यक्षात जरा कमी. पण फरक मोठाच. शिवाय ढिले पडलेले रबर खडकाच्या कंगोऱ्यांवर ओल्या फडक्यासारखे बसते आणि चाक घसरायचे थांबते.

पण हवा कमी केली म्हणजे बीडला रेटणारा जोरही कमी झाला. अशा वेळी तिरपा खडक टायरला बाजूने ढकलतो, बीड काठावरून सुटते, उरलीसुरली हवा फुस्सकन निघून जाते आणि ट्रक चढणीच्या अधेमधे बसतो. यावरचा उपाय म्हणजे बीडलॉक चाक. यात टायरची बाहेरची कड रिमच्या तोंडावर ठेवतात, वर धातूचे कडे बसवतात आणि सोळा ते बत्तीस बोल्टांनी ती चिमटीत आवळून टाकतात. मग हवा पाच-सहा पीएसआयवर आली तरी ती कड हलत नाही. आतली कड मात्र बहुतेक चाकांत नेहमीसारखी हवेच्याच भरवशावर असते. दोन्ही कडा जखडणारी चाकेही आहेत. अमेरिकी लष्कराच्या हमवीची दोन तुकड्यांची चाके त्याच जातीची. ड्रॅग रेसिंगमध्येही मागच्या चाकांना बीडलॉक लावतात, कारण तिथे भीती वेगळी: इंजिनाच्या झटक्याने रिम फिरते आणि टायर जागच्या जागी राहतो.

आता रोजच्या ट्रकचे बघू. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला राहणारा, त्याच ट्रकने कामावर जाणारा आणि वर्षातून दोनदा यूटामधल्या मोॲबच्या खडकांवर जाणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. डेन्व्हर ते मोॲब सुमारे ५७० किलोमीटर, त्यातला बराचसा भाग महामार्ग आणि यूटामध्ये वेगमर्यादा ताशी ८० मैलांपर्यंत. ज्या ‘हेल्स रिव्हेंज’ वाटेसाठी हा खटाटोप, ती जेमतेम दहा किलोमीटरची!

बीडलॉकचा सगळा त्रास या ५७० किलोमीटरांत आणि घरच्या अंगणात असतो. एका चाकाला २४ बोल्ट धरले तर चार चाकांचे ९६, स्टेपनीसह १२०. ते एकामागोमाग गोल आवळायचे नसतात. समोरासमोरचे घेत, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने, कंपनीने सांगितलेल्या मापावरच. नवे टायर बसवल्यावर पहिल्या शंभरेक किलोमीटरांत ते पुन्हा तपासायचे आणि पुढेही अधूनमधून. कोलोरॅडोत हिवाळ्यात रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइड फवारतात. ॲल्युमिनियमच्या रिममध्ये बसलेल्या पोलादी बोल्टांना ते खारे पाणी चांगलेच बाधते. चाक काही किलोंनी जड होते, बॅलन्सिंग अवघड जाते आणि टायरची बरीच दुकाने अशा चाकाला हातच लावत नाहीत. पंक्चर निघाले तर काय, याचा विचार घेण्याआधी करावा.

कायद्याबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे: बीडलॉकला अमेरिकी वाहतूक खात्याची मंजुरी नाही म्हणून ती बेकायदा. खरे तर ते खाते कोणत्याच चाकाला मंजुरी देत नाही. आमचे चाक खात्याच्या मानकांत बसते, हे उत्पादकालाच प्रमाणित करावे लागते. त्यातले हलक्या गाड्यांचे मानक क्रमांक ११० सांगते की ताशी ९७ किलोमीटर वेगाने सरळ जाताना हवा एकदम गेली तरी गाडी नियंत्रित ब्रेक लावून थांबेपर्यंत टायर रिमवर राहिला पाहिजे. बीडलॉकचा जन्मही टायर रिमवर ठेवण्यासाठीच झाला, तरी कित्येक उत्पादक त्यावर ‘फक्त रस्त्याबाहेरच्या वापरासाठी’ असा शिक्का मारतात. राज्याराज्यांचे नियम आणखी वेगळे.

मधले मार्गही आहेत. फोर्डच्या रॅप्टर ट्रकवर मिळणाऱ्या चाकांत टायर एरवी साध्या पद्धतीने बसतो, बाहेरचे कडे नुसते शोभेचे. पाहिजे तेव्हा वेगळे कडे घेऊन त्याचे खरे बीडलॉक करता येते. ऑस्ट्रेलियात निघालेल्या ‘स्टॉन’ प्रकारात टायरच्या आत कापडी वेष्टणातली ट्यूब असते. ती वेगळ्या व्हॉल्व्हने फुगवली की आतून दोन्ही कडांना दाबून धरते. त्यासाठी रिमला एक भोक जास्तीचे पाडावे लागते. नुसते खोटे बोल्ट चिकटवलेली चाकेही विकली जातात, त्यांबद्दल न बोललेलेच बरे.

माझ्या मते निकाल ट्रककडे बघून लागत नाही, हवेच्या मापकाकडे बघून लागतो. तुम्ही १५ पीएसआयच्या खाली कधी उतरतच नसाल तर चांगले टायर, साधी रिम आणि परतताना हवा भरायला एक छोटा कॉम्प्रेसर पुरे. बीडलॉक म्हणजे नाकापेक्षा मोती जड. दर महिन्याला आठ-दहावर येऊन खडक चढत असाल तरच ते १२० बोल्ट सांभाळण्यात अर्थ आहे.

आणि घेतलीतच, तर एवढे ध्यानात ठेवा: त्या चाकाची बाहेरची कड फक्त बोल्टांनी धरलेली असते. टायरमधली सगळी हवा काढल्याशिवाय कड्याचा एकही बोल्ट सैल करू नका.