माशी आणि मासा

लेकीने लग्न परस्पर ठरवले, त्यामुळे जावयाची पारख राहूनच गेली होती. ती झाली फेब्रुवारीअखेर, इंग्लंडात हॅम्पशरमधल्या एका तळ्याकाठी.

गळाला गांडूळ नव्हे, पिसांची खोटी माशी! "बाबा, दोरी सावकाश ओढा. गारठ्यात ट्राउट सुस्तावतो," जावईबापू म्हणाले. वरचे पाणी बर्फगार; ४ अंशांचे पाणी सर्वांत जड, म्हणून ते तळाशी. मासेही तिथेच.

दोन तासांनी हिसका बसला. मी हर्षाने ओरडलोच! पण निघाला तपकिरी ट्राउट. मूळचा अमेरिकेतला इंद्रधनुषी ट्राउट अशा तळ्यांत बारमाही धरता येतो; तपकिरीला त्या दिवसांत कायद्याने बंदी.

आसपास चिटपाखरू नव्हते. तरी जावईबापूंनी मासा पाण्यातच ठेवून हलकेच गळ काढला.

लेकीची निवड चुकली नव्हती.