पंखा पाचवर की दोनवर?

शिरूर आणि दौंड हा पुणे जिल्ह्याचा पूर्वेकडचा, पर्जन्यछायेतला भाग. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीला टेकतो, हवा कोरडी असते आणि दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत घरात उष्णता सोडत राहतो. याच दिवसांत अनेक घरांत नवरा-बायकोचा एक वाद ठरलेला असतो. एकाला पंखा पाचवर हवा असतो, दुसऱ्याला दोनवर. ‘तुझं काहीतरी वेगळंच’ म्हणून विषय संपवला जातो. खरे तर दोघांचेही म्हणणे बरोबर असते.

शांत बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर साधारण शंभर वॅटच्या जुन्या बल्बइतकी उष्णता सतत तयार करते. ती त्वचेवाटे बाहेर पडायला अडचण आली, की उकडते. गरजेपेक्षा जास्त निघून गेली, की गार वाटते. स्नायू उष्णता तयार करतात आणि पुरुषांत सरासरीने त्यांचे प्रमाण जास्त असते. लहान चणीच्या शरीरातून वजनाच्या मानाने उष्णता लवकर निघून जाते. शिवाय गारठा जाणवताच स्त्रियांच्या हातापायांतल्या रक्तवाहिन्या लवकर आकसतात. म्हणून एकाच खोलीत तिचे पाय गार आणि त्याच्या पाठीला घाम, असे घडते.

ऑफिसातील तापमानाचे गणितही याच कारणाने चुकत आले आहे. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील दोन संशोधकांनी ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात दाखवले, की हे गणित १९६०च्या दशकात ४० वर्षांचा, ७० किलो वजनाचा पुरुष समोर ठेवून बेतलेले होते. त्यामुळे स्त्रियांच्या शरीरात तयार होणारी उष्णता ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जात होती.

मात्र दरवेळी बायकोलाच थंडी वाजते, असेही नाही. गॅसची ज्योत फडफडते म्हणून स्वयंपाकघरात पंखा बंद ठेवावा लागतो आणि भाकरी थापणारीला दुपारी सर्वाधिक उष्णता सोसावी लागते. रजोनिवृत्तीच्या काळात अंगातून अचानक गरम वाफा येतात आणि पांघरूण घेणारीच खिडकी उघडायला लावते. सवयीचाही वाटा मोठा असतो. रोज उन्हात उसाच्या फडात राबणाऱ्याचे शरीर आठ-पंधरा दिवसांत उष्णतेशी जुळवून घेते. दिवसभर एसीत बसणाऱ्याला ती संधीच मिळत नाही.

वेळही महत्त्वाची. शरीराचे तापमान पहाटेच्या सुमारास सर्वांत कमी असते आणि तोवर बाहेरची हवाही निवलेली असते. रात्री अकराला सुखावणारा वारा चार वाजता बोचतो, तो त्यामुळे.

यावर उपाय सोपे आहेत. सगळी खोली थंड करण्याऐवजी ज्याला उकडते त्याच्या बाजूला टेबलफॅन ठेवावा, पांघरुणे दोघांची वेगळी असावीत. ज्याला थंडी वाजते त्याने पायांत मोजे घालावेत. कोरड्या उन्हाळ्यात कूलर चांगला चालतो, पण खिडकी उघडी हवी. पावसाळी दमट हवेत तो फारसा उपयोगी पडत नाही. गच्चीला उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात दिला, तर स्लॅब कमी तापतो. एसी असेल तर तो २६-२७ अंशांवर ठेवून जोडीला पंखा लावावा. एसीचे तापमान एका अंशाने वाढवले, की वीज सुमारे सहा टक्के वाचते, असे केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचे म्हणणे आहे.

काही वेळा मात्र हा वाद आवडीनिवडीपुरता राहत नाही. आयुष्यभर उकाड्याची तक्रार करणाऱ्याला अचानक थंडी सोसेनाशी झाली किंवा उलट घडले, तर थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. उकाडा सोसत नाही, छाती धडधडते आणि वजनही उतरते आहे, असे असेल तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.

घरातल्या वयस्कांबाबत अधिक सावध राहायला हवे. वय वाढते तशी घाम येण्याची क्षमता, तहान आणि उकाड्याची जाणीव कमी होते. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे अंगातले पाणीही घटते. त्यामुळे मे महिन्यात खिडक्या लावून बसलेले आजोबा ‘मला नाही उकडत’ म्हणाले, तरी त्यावर विसंबून राहू नये. खोलीत साधा तापमापक लावावा आणि त्यांना तासातासाला पाणी द्यावे. खोलीचे तापमान चाळीसच्या वर गेले, की पंख्याचा गरम वारा शरीर आणखी तापवतो. अशा वेळी ओल्या फडक्याने अंग पुसावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखे तापले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजून सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे आणि १०८ला फोन करावा.