धावायला निघालात? आधी पाय पाहा, मग बूट घ्या

पावसाळा सरला की पहाटे मैदानावर आणि गावाबाहेरच्या रस्त्यांवर धावणाऱ्यांची संख्या वाढते. त्यांत पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली असतात, तसेच वजन व साखर आटोक्यात आणण्यासाठी प्रथमच धावू लागलेली चाळिशीपुढची मंडळीही असतात. दोन-तीन आठवड्यांनी यांपैकी काहीजण नडगी दुखते, नख काळे पडले, टाचेला फोड आला अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात येतात. त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो, "डॉक्टर, भारीतले बूट घेऊ का?"

धावताना प्रत्येक पावलागणिक पायावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो. एक किलोमीटर धावताना हजाराच्या आसपास पावले पडतात. हाडे, स्नायू व स्नायुबंध यांना या भाराची सवय हळूहळूच होते. म्हणून बूट चांगले हवेत हे खरे. पण चांगले म्हणजे महाग नव्हे, तर आपल्या पायाला नीट बसणारे.

काहीजण म्हणतील, आपले वाडवडील अनवाणीच धावत होते. इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांनी १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन अनवाणी जिंकली हेही खरे. परंतु त्यांच्या पायांना तशी सवय होती, आणि १९६४ साली टोकियोत तीच शर्यत त्यांनी बूट घालून जिंकली. ज्यांचे पाय वर्षानुवर्षे चपलेत वाढले, त्यांनी एकाएकी डांबरी रस्त्यावर अनवाणी धावू नये.

आता बूट कसे निवडावेत ते पाहू. खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. धावताना जे पायमोजे घालणार, तेच सोबत न्यावेत. दोन्ही पायांत बूट घालून, नाडी बांधून उभे राहावे. पुष्कळांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो. माप मोठ्या पायाचे धरावे. सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी हवी. ती नसेल तर बोटे पुढे आपटून नखे काळी पडतात. चवड्यापाशी बूट आवळता कामा नये आणि चालताना टाच वर सरकता कामा नये. बूट हातात घेऊन वाकवावा. तो चवड्यापाशी वाकावा, मध्येच दुमडू नये. मग दुकानातच किंवा दुकानासमोर थोडे धावून पाहावे. "वापरल्यावर सैल होतील" या भरवशावर चावणारे बूट घेऊ नयेत.

ओल्या पायाचा ठसा पाहून, तळव्याच्या कमानीप्रमाणे बूट निवडावेत असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. अमेरिकेत सैनिकी प्रशिक्षणार्थींवर हा प्रयोग झाला. कमानीनुसार बूट दिल्याने दुखापती कमी झाल्याचे आढळले नाही. तेव्हा त्यासाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही. घातल्याबरोबर पायाला सुखकर वाटणे हीच नवशिक्यासाठी उत्तम कसोटी.

थोरल्या भावाचे जुने बूट धाकट्याने धावण्यासाठी वापरू नयेत. त्यांचा तळ आधीच्या माणसाच्या पावलाप्रमाणे झिजलेला असतो. शाळेचे पातळ तळाचे कॅनव्हासचे बूटही रोजच्या सरावाला अपुरे पडतात. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धावल्यावर बुटाच्या तळाचा मऊपणा कमी होतो. तो एका बाजूने झिजला, तर बूट बदलावेत.

मधुमेहींनी विशेष काळजी घ्यावी. या आजारात तळव्याची संवेदना कमी होऊ शकते; मग खडा टोचला किंवा फोड आला तरी कळत नाही, आणि जखम चिघळून बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. धावून आल्यावर तळवे आरशात पाहावेत. पाय बधिर वाटत असतील तर धावण्याआधी डॉक्टरांना पाय दाखवावेत. रक्तदाब, हृदयविकार वा चालताना छातीत दुखण्याचा त्रास असल्यासही आधी तपासणी करून घ्यावी.

शेवटी, सर्वांत महत्त्वाचे. बूट कितीही चांगले असले तरी घाईची भरपाई करीत नाहीत. पहिले काही आठवडे एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे आणि एक दिवसाआड विश्रांती घ्यावी. भरतीत मुलांना १६०० व मुलींना ८०० मीटर धावायचे असते. त्याची तयारी जाहिरात निघाल्यावर पंधरा दिवसांत होत नाही.

नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवताच दुखत असेल, किंवा विश्रांती घेतानाही ठणका लागत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवा व डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक तडा गेल्याचे ते लक्षण असू शकते. वेळीच थांबल्यास बहुधा काही आठवड्यांच्या विश्रांतीने हाड भरून येते. वेदनाशामक गोळी घेऊन धावत राहिल्यास तडा वाढतो आणि वर्षभराची मेहनत भरतीच्या मैदानावर पोचण्याआधीच वाया जाते.