सेकंडहँड गिटार घेताय? आधी आत डोकवा!

दरवर्षी फायनल इयरवाले जाता जाता गिटार विकतात. वरचं पॉलिश पाहून भुलू नका, मित्रांनो! स्टीलच्या ६ तारांचा मिळून ताण साधारण ७० किलो असतो. तो वर्षानुवर्षं सोसून लाकूड हळूहळू वाकतं.

पहिलं काम, ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा. आत गेला, तर ब्रिज उखडतोय. मग साउंडहोलमधून टॉर्च आणि छोटा आरसा घाला. चिरेवर आतून लाकडाचे छोटे तुकडे नीट चिकटवलेले दिसले तर घाबरू नका, ती चांगली दुरुस्ती आहे. पण डिंकाचे ओघळ दिसले, किंवा टिचकी मारल्यावर आतली सुटलेली पट्टी खरखरली, तर सावध!

शेवटी गिटार सुरात लावून, तारांच्या मधून फ्रेटवर लांब स्टीलपट्टी ठेवा. तिचं टोक ब्रिजच्या माथ्याशी यायला हवं. बरंच खाली, ब्रिजच्या अंगावर अडलं, तर नेकचा कोन बिघडलाय. ट्रस रॉड पिळून नेकचा बाक कमी होतो, कोन सुधारत नाही. त्यासाठी नेक सोडवून पुन्हा बसवावा लागतो आणि स्वस्त गिटारच्या किमतीपेक्षा मजुरीच जास्त होते. अशी गिटार कितीही गोड वाजली तरी नमस्कार करून परत द्या.