देवडीवरचा पहारेकरी : घरगुती संगणकासाठी फायरवॉल कशी निवडावी?

'फायरवॉल' हा शब्द संगणकवाल्यांनी घडवलेला नाही. तो बांधकामातला आहे. एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या इमारतींमध्ये आगीला दाद न देणारी भिंत घालतात, ती फायरवॉल. शेजारी पेटला तरी आपले घर वाचावे, एवढाच तिचा हेतू. 2 नोव्हेंबर 1988 रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकी विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्रॅम त्या काळच्या इंटरनेटवरील हजारो संगणकांत आपोआप पसरला. संगणकांनाही शेजारची आग लागू शकते, हे तेव्हा जगाला कळले आणि हा शब्द या क्षेत्रात रुजला.

तरीही भिंतीची उपमा अपुरी पडते. भिंत कोणालाच सोडत नाही. संगणकाची तर सतत ये-जा चालू असते. मला साताऱ्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांची देवडी अधिक जवळची वाटते. मोठा दरवाजा बंद, दिंडी उघडी आणि देवडीवर बसलेला माणूस विचारतो आहे : कोण, कुठून, कोणाकडे? फायरवॉल नेमके हेच करते.

साहित्याच्या वाचकाला या पहारेकऱ्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी गाठली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. 1869 साली स्थापन झालेल्या सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तके त्या पाण्यात गेली. त्यानंतर माझ्या परिचयातील कितीतरी घरांनी मोडी कागद, वंशावळी, वडिलांच्या वह्या, लग्नाचे फोटो स्कॅन करून संगणकात ठेवले. जुन्या कागदांच्या शोधात सातारा आणि सांगली जिल्ह्यांत फिरताना आता मला फडताळापेक्षा संगणकच अधिक वेळा दाखवला जातो. त्याच संगणकावर पेन्शनच्या खात्याचे व्यवहारही होतात. पाण्यापासून वाचवलेले हे सारे आता दुसऱ्या एका दारामागे आहे, म्हणून त्या दाराची चौकशी.

इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर 65,536 क्रमांकांची दारे कल्पिलेली असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. सुरक्षित संकेतस्थळांसाठी 443, विंडोजमध्ये फायली वाटून घेण्यासाठी 445, दुरून संगणक चालवण्यासाठी 3389, अशी त्यांची वाटणी आहे. फायरवॉल कोणत्या दारातून कोणाला सोडायचे याचे नियम पाळते. शिवाय तिला स्मरण असते. आपण एखादे पान मागवले की ती मागणी नोंदवून ठेवते आणि तिचे उत्तर आले तर आत घेते. न बोलावता आलेल्याला मात्र बाहेरच ठेवते. घरगुती वापरासाठी हा एक नियम बहुतेक काम करतो.

तो नसला तर काय होते, हे ऑगस्ट 2003 मध्ये दिसले. 'ब्लास्टर' नावाचा किडा विंडोज एक्सपीच्या संगणकांत शिरत होता. कोणी कुठे क्लिक करायची गरज नव्हती. संगणक इंटरनेटला जोडलेला असणे पुरेसे होते. विशेष म्हणजे एक्सपीत फायरवॉल होती, पण ती बंद ठेवून दिलेली असे. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2004 मध्ये आलेल्या 'सर्व्हिस पॅक 2' पासून ती आपोआप चालू राहू लागली. मे 2017 मधल्या 'वॉनाक्राय'ने दीडशे देशांत फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. तो 445 क्रमांकाच्या दाराने शिरत होता, आणि ज्या उणिवेचा तो फायदा घेत होता तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिली होती. बाहेरून येणाऱ्यांसाठी ते दार बंद असलेले आणि दुरुस्ती केलेले संगणक वाचले.

आता निवडीकडे येऊ. घरासाठी पर्याय मुख्यतः तीन आहेत.

पहिला, संगणकात आधीपासून असलेली फायरवॉल. विंडोजमधली फायरवॉल न बोलावलेल्याला आत घेत नाही. बाहेर जाणाऱ्याला सहसा अडवत नाही. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून ती चालू आहे ना, एवढे पाहावे. जोडलेले नेटवर्क 'पब्लिक' की 'प्रायव्हेट' हेही तिथे ठरते. एसटी स्थानकावरच्या, लॉजच्या किंवा कॅफेच्या वायफायवर नेहमी 'पब्लिक'च ठेवावे. अ‍ॅपलच्या संगणकावर फायरवॉल मुद्दाम चालू करावी लागू शकते.

दुसरा, इंटरनेटची जोडणी देणारा राऊटर. घरातल्या सगळ्या उपकरणांना तो एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवतो, त्यामुळे बाहेरच्याला आतली खोली सहसा दिसत नाही. नव्या आयपीव्ही-6 पद्धतीत मात्र प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जाहीर पत्ता मिळू शकतो. म्हणून राऊटरमधली फायरवॉल चालू असणे महत्त्वाचे. त्याहून महत्त्वाचा त्याचा पासवर्ड. जुलै 2017 मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एका हल्ल्यात बंद पडले. कारखान्यातून आलेला पासवर्ड अनेकांनी बदललेला नव्हता, हे त्याचे कारण. किल्लीच दाराला टांगलेली असेल तर पहारेकरी काय करणार?

तिसरा, विकत घेतलेले संरक्षण. यात आपल्या भागाचा एक धागा आहे. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, त्यांचे बंधू संजय यांनी विषाणू पकडणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि त्यातून 'क्विक हील' उभी राहिली. 2016 मध्ये ती शेअर बाजारात आली. अशा कंपन्यांच्या मोठ्या संचांत विषाणूरोधक आणि फायरवॉल दोन्ही असतात. ते घेतले तर विंडोजच्या फायरवॉलचे काम तो संच हाती घेतो. आणखी तिसरी बसवू नये. एका देवडीवर दोन पहारेकरी बसवले की ते येणाऱ्याला सोडून एकमेकांशी भांडतात.

दुकानात विचारला जातो तो प्रश्न 'कोणती सर्वांत मजबूत?' असा असतो. माझ्या मते विचारायचा प्रश्न वेगळा आहे : ही फायरवॉल मला काय विचारणार, आणि त्याचे उत्तर आमच्या घरात कोणाकडे आहे? 'झोनअलार्म'सारख्या फायरवॉल बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमबद्दल मालकाला विचारू लागल्या. कल्पना चांगली होती, कारण आत शिरलेला चोर माल बाहेर नेताना सापडतो. पण पडद्यावर 'एसव्हीसीहोस्टला बाहेर जायचे आहे, सोडू का?' असे आले, तर निवृत्त शिक्षकाने काय सांगावे? 'नाही' म्हणावे तर इंटरनेट बंद पडण्याची भीती. मग सवयीने 'हो'. दहादा 'हो' म्हटल्यावर अकराव्यांदा चोरालाही 'हो'च मिळते. म्हणून ज्या घरात यातले जाणणारे कोणी नाही, तिथे कमी बोलणारी फायरवॉलच श्रेष्ठ, आणि ती बहुधा संगणकात आधीच असते. पैसे देऊन संच घ्यायचाच असेल, तर तो विषाणूरोधकासाठी, मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी किंवा अडचणीला मराठीत बोलणारे कोणी मिळावे म्हणून घ्यावा. हीदेखील रास्त कारणे आहेत.

सर्वांत चांगल्या फायरवॉललाही एक माणूस अडवता येत नाही : आपण स्वतः आत बोलावलेला. फोन येतो, पलीकडचा स्वतःला बँकेचा अधिकारी म्हणवतो, 'एनीडेस्क' उतरवून घ्यायला सांगतो आणि आकडा विचारतो. ही जोडणी आतून बाहेर जाते. देवडीवरच्या नोंदीत तो आपला पाहुणा ठरतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच या प्रकाराबद्दल बँकांना सावध केले होते. पैसे गेलेच तर 1930 या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. तिथे तासाचा उशीरही महागात पडतो.

म्हणून क्रम असा धरावा. आधी संगणकाच्या दुरुस्त्या वेळेवर होऊ द्याव्यात. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, हे जुन्या संगणकवाल्यांनी ध्यानात घ्यावे. मग राऊटरचा पासवर्ड बदलावा. मग आहे ती फायरवॉल चालू आहे का पाहावे. एवढे झाल्यावर काही विकत घ्यायचे का, ते ठरवावे. आणि स्कॅन केलेल्या कागदांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन, ती संगणकापासून सोडवून, दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे ठेवावी. सांगलीकरांनी साताऱ्याला ठेवली तर उत्तमच. तिथे कृष्णेचे पाणीही पोहोचणार नाही आणि इंटरनेटवरचा चोरही.