मांजरातील आंत्रकिण्वन व ऊर्जाचयापचय

पाळीव मांजराच्या (फेलिस कॅटस) बृहदांत्रात सूक्ष्मजंतू न पचलेल्या अन्नांशाचे ऑक्सिजनाच्या अभावी विघटन करतात. या क्रियेस आंत्रकिण्वन म्हणतात. तीत तयार होणारी द्रव्ये रक्तात शोषली जाऊन ऊर्जाचयापचयात (शरीरात ऊर्जा निर्माण होण्याच्या व वापरली जाण्याच्या रासायनिक घडामोडींत) भाग घेतात. मांजराला त्यांपासून प्रत्यक्ष मिळणारी ऊर्जा थोडी असते. त्यांचे विशेष महत्त्व प्रथिनांच्या संभाव्य बचतीत आहे.

शारीरिक पार्श्वभूमी : मांजर हा मांसाहारासाठीच अनुकूलित झालेला प्राणी आहे. त्याच्या आतड्याची लांबी शरीराच्या लांबीच्या सुमारे ४ पट, तर कुत्र्यात ती सुमारे ६ पट असते. उंडुक (लहान व मोठे आतडे जेथे जुळते तेथील पिशवीसारखा भाग) अल्पविकसित असते. गायीम्हशींना सुमारे ७० टक्के ऊर्जा जठराच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील किण्वनातून मिळते. मांजरात असा कप्पा नसतो.

मांसात कार्बोहायड्रेटे अत्यल्प असल्यामुळे मांजराचे यकृत ॲमिनो अम्लांपासून सतत ग्लुकोज बनविते. आहारातील प्रथिन कमी केले, तरी यकृतातील ॲमिनो अम्लांचे विघटन करणाऱ्या एंझाइमांची क्रियाशीलता फारशी घटत नाही, असे कॅलिफोर्निया विद्यापीठातील (डेव्हिस) क्विंटन रॉजर्स, जेम्स मॉरिस व त्यांचे सहकारी यांनी १९७७ मध्ये दाखविले. यामुळे मांजराची प्रथिनांची गरज मोठी असते व त्याला उपासमार सोसत नाही. लठ्ठ मांजराने काही दिवस अन्न सोडल्यास यकृतात वसा साचून ते दगावू शकते.

किण्वनद्रव्ये व त्यांचे कार्य : तंतुमय पदार्थांच्या किण्वनातून मुख्यत्वे ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही लघुशृंखल वसाम्ले तयार होतात. ब्युटिरिक अम्ल हे बृहदांत्राच्या अस्तरातील कोशिकांचे इंधन होय. ॲसिटिक अम्ल इतर ऊतकांत जाळले जाते. प्रोपिऑनिक अम्लापासून मात्र यकृतात ग्लुकोज बनू शकते. या क्रियेतील एका टप्प्यास ब१२ जीवनसत्त्व आवश्यक असते. जितके ग्लुकोज या मार्गाने मिळेल तितकी ॲमिनो अम्ले वाचतात.

बेल्जियममधील गेंट विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८ लठ्ठ व ८ सामान्य वजनाच्या मांजरांना इन्युलीन व ऑलिगोफ्रुक्टोज यांचे २.५ टक्के मिश्रण असलेले अन्न दिले. तेव्हा रक्तातील प्रोपिओनिलकार्निटीन वाढले आणि ॲमिनो अम्लांपासून होणारी ग्लुकोजनिर्मिती घटल्याची चिन्हे आढळली. लठ्ठ मांजरांची ग्लुकोज सहन करण्याची मंदावलेली क्षमता मात्र या आहाराने सुधारली नाही. बृहदांत्रातून शोषलेल्या प्रोपिओनेटाचा ग्लुकोजनिर्मितीसाठी उपयोग होतो, या मतास २०१२ मधील दुसऱ्या एका प्रयोगाने पुष्टी मिळाली.

प्रथिनांचे किण्वन : न पचलेले प्रथिन बृहदांत्रात पोहोचल्यास शाखायुक्त वसाम्ले, अमोनिया, इंडोल व फिनॉले तयार होतात. इंडोलापासून यकृतात इंडॉक्सिल सल्फेट बनते व ते मूत्रावाटे बाहेर टाकले जाते. वृद्ध मांजरांत वारंवार आढळणाऱ्या चिरकारी वृक्कविकारात (मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन रोगात) ते रक्तात साचते व अपायकारक ठरते. म्हणून प्रथिन पुरेसे असणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते सुपाच्य असणेही महत्त्वाचे असते. वन्य मार्जारकुलातील प्राण्यांत भक्ष्याची कूर्चा, कंडरा इ. न पचणारे भाग काही अंशी तंतुमय पदार्थांचे काम करतात, असे चित्त्यावरील अभ्यासांवरून दिसते.

आहारविषयक महत्त्व : किण्वनक्षम तंतूंचे अल्प प्रमाण उपयुक्त ठरू शकते, तथापि ते मांसाची जागा घेऊ शकत नाहीत. प्रमाण जास्त झाल्यास वायू व अतिसार होतात. घरोघरी मांजराला दूध-पोळी घालण्याचा प्रघात आहे. पण प्रौढ मांजरात लॅक्टेज एंझाइम कमी असल्याने दुधातील लॅक्टोज न पचता बृहदांत्रात आंबते व पुष्कळदा अतिसार होतो. शिवाय पोळीतून आवश्यक ती प्राणिज प्रथिने व टॉरीन मिळत नाहीत. किण्वनामुळे होणारी बचत मुळात पुरेसे मांस मिळणाऱ्या मांजरालाच उपयोगी पडते.